पाहुण्याला लावलेलं कुंकू

माझ्या मावशीवर अन्याय झाला. दसऱ्याच्या सुटीनंतर वाळूजचा तो कारखाना उघडला त्या पहिल्या सकाळी, पहिली पाळी लागल्यावर आणि चहाची किटली यायच्या आधी. तिला सांगितलं गेलं, आता घरीच थांबा. का, ते एका ओळीत सांगता येतं. तिनं एका लोखंडी काठीला हळदकुंकू लावलं होतं.

मी बजाजनगरात कामगारांची पत्रकं लिहिते आणि पाळी सुटताना गेटवर वाटते. पत्रकात आधी हेच सांगायचं असतं, कुणावर आणि केव्हा. पुढचं सगळं माणूस चालता चालता वाचतो, नाहीतर त्यात भजी बांधून नेतो. हे मात्र पत्रक नाही. मावशीचं पत्रक होईना, म्हणून बसून लिहायला घेतलं.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. माहेर मेंढरांमागं फिरणारं. तिचं लहानपण उघड्या रानात घोंगडीवर गेलं. लग्न होऊन बजाजनगरला आली, काका गेल्यावर कारखान्यात लागली, आणि मी गावाहून कॉलेजला आले ती तिच्याच दोन खोल्यांत राहिले. अजून तिथंच आहे. माझं लग्न कधी, हे ती अधूनमधून विचारते आणि उत्तर यायच्या आत उठून कुकरकडं जाते.

कारखाना तसा लहान. आधी तिथं दुचाक्यांचे सुटे भाग व्हायचे. ते काम आटलं तेव्हा मालकानं धडपड करून जपानची ऑर्डर आणली. गोल्फच्या काठ्यांची लोखंडी डोकी. तापलेलं लोखंड मशीनच्या घणाखाली ठोकायचं, घासायचं, चमकवायचं. दांडे तिकडं जपानात बसणार. मावशी शेवटच्या टेबलावर होती. तिथं चारपाच जणी प्रत्येक डोकं उजेडात फिरवून बघायच्या, तेलाच्या फडक्यानं पुसायच्या आणि कागदात गुंडाळायच्या. या डोक्यांवर कसलाही मुलामा नसतो. नुसतं मऊ लोखंड आणि वर तेल. नुसत्या बोटांचा घाम लागला तरी डाग पडतो, म्हणून सगळ्या सुती हातमोजे घालून बसत.

गोल्फ मात्र तिथं कुणीच पाहिलेला नव्हता. मी मावशीला मोबाईलवर दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"एवढं गवत," ती म्हणाली, "आन् एक मेंढरू नाय."

"मावशी, ते खेळायचं मैदान आहे."

"मग गवत कोण खातंय?"

"कुणी नाही. मशीननं कापतात."

"कापून काय करतेत?"

"टाकून देत असतील."

तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. "माजलेत लई," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "काठी चांगली हाय पण. खाली खूर लावल्यावानी."

तेव्हापासून ती त्या डोक्यांना खूर म्हणायला लागली. दोन दिवसांत सगळं टेबल म्हणायला लागलं.

जपानहून वर्षातून एकदोनदा एक वयस्कर इंजिनियर यायचे. बारीक अंगाचे, गप्प. खूर दोन्ही हातांनी उचलायचे आणि दोन्ही हातांनी खाली ठेवायचे, झोपलेलं लेकरू ठेवावं तसे. मावशीला ते तेवढ्यावरच आवडले होते. मालकाला मात्र त्यांच्या गप्प बसण्याचा धसका होता. पाहुणे नुसते विचार करत असले तरी याला वाटायचं, गेली ऑर्डर. मग तो एकट्यानंच दोघांचं बोलायला लागायचा. "यस सर. हो सर. होऊन जाईल सर." आपल्याकडं 'होऊन जाईल' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना ते माहीत नव्हतं. ते वहीत तारीख टाकायचे.

पहिल्याच खेपेला त्यांनी जपानात घडवलेली एक पूर्ण काठी आणून दिली होती. तुमचं काम हिच्याशी ताडून बघा, म्हणाले. ती टेबलाच्या वर भिंतीवर, काचेच्या पेटीत ठेवलेली. ऑफिसात तिला मास्टर म्हणायचे. टेबलावर तिचं नाव पाहुणा. दूरदेशाहून आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दिवसभर आपल्याकडं बघत बसलेला. "नीट पूस गं, पाहुणा बघायलाय," असं एकमेकींना म्हणत त्या हसायच्या.

आता खंडेनवमी. त्या दिवशी वाळूजमध्ये काम होत नाही, पूजा होते. घण धुतले जातात, मशीनला झेंडूचे हार पडतात, पान्यांना, कानशींना, अगदी झाडूलाही कुंकू लागतं. मावशी टेबलावर सगळ्यांत जुनी, म्हणून ताट तिच्या हातात. विधवा म्हणून तिथं कुणी तिला कधी अडवलं नव्हतं. तिनं टेबल पुजलं, वजनकाटा पुजला, तेलाचा डबा पुजला. मग तिची नजर वर गेली.

पुढचं तिनं मला जसं सांगितलं तसं देते. "समद्यांला लावलं आन् घरात आलेल्या पाहुण्याला तसंच बसवायचं व्हय? त्याचा जीव नाय का?"

पेटीची किल्ली खिळ्यालाच असायची. तिनं काठी खाली घेतली, पुसली, खुरावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं ओलं फूल ठेवलं आणि अर्धं कापलेलं लिंबू कुंकवात बुडवून वर टेकवलं. बाकीच्या जणी हात जोडून उभ्या होत्या. सुपरवायझरनं तर मोबाईलवर फोटो काढला. मग काठी पुन्हा पेटीत, फुलालिंबासकट. कारखाना सुटीसाठी बंद झाला.

मऊ लोखंड, वर मुलामा नाही, आणि बंद पेटीत लिंबाची फोड. कारखाना उघडला तेव्हा खुरावर लिंबाएवढा तपकिरी डाग बसला होता. तेलानं पुसून जाण्यातला नव्हता.

मालकानं मावशीला ऑफिसात बोलावलं. तो ओरडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो घाबरलेला होता. "आक्का, जपानी लोक कडक असतात. त्यांना कळलं आणि मी काहीच केलं नाही असं दिसलं, तर ऑर्डर जाईल. मग सगळेच घरी बसू. तुम्ही आता घरीच थांबा."

आणि मावशी बाहेर पडल्यावर त्यानं सुपरवायझरला सांगून तो डाग पॉलिशच्या चाकावर घासून काढला. काठी पुन्हा चकचकीत झाली, पुन्हा पेटीत बसली.

हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. जपानी पाहुण्यांच्या नावानं बाईला काढलं, आणि त्यांना कळू नये म्हणून डागही काढला. ज्याच्या रागाची एवढी भीती, त्या माणसाला कुणी एक फोन केला नाही. तो रागावेल हे सगळ्यांनी आपसांतच ठरवलं. माझं डोकं अजून तिथंच फिरतं.

घरी मावशीचे हात स्वस्थ बसेनात. तिनं फळीवरचे डबे पुसले, मग पुन्हा पुसले. विळ्याला तेल लावलं. माझ्या डब्यातली भाकरी ती कागदात गुंडाळायची, ती अशी की चारी कोपरे आत, वर एकही सुरकुती नाही. मी युनियनच्या ऑफिसात डबा उघडायचे आणि मला तो कागद सोडवावासा वाटायचा नाही. सकाळी पाळीची बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायची, तेव्हा ती तांदूळ निवडायला घ्यायची. मान वर करायची नाही. बस गेली की ताट बाजूला सारायची. तांदूळ तिनं आदल्याच दिवशी निवडलेले असायचे.

ती कारखान्यात परत जाईल का, एवढाच आमच्या घरात प्रश्न होता, आणि तो आम्ही दोघी एकमेकींसमोर काढत नव्हतो.

मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा असा: जपानी साहेबाच्या भीतीनं मराठी बाईच्या पोटावर पाय. तिला वाचून दाखवलं.

"ह्ये कुणाला बोलायलीस?" तिनं विचारलं.

"त्या कंपनीला. जपानवाल्यांना."

"त्याला ठावं तरी हाय का, बिचाऱ्याला? त्यो तिकडं जेवत आसंल." मग जरा थांबून, "आन् पोटावर पाय कशाला लिहितीस? लोकं म्हणतील, भाची असून मावशीला उपाशी ठिवली."

"मग काय लिहू?"

"काय बी लिहू नको. आधी त्याला सांगाया पायजे. त्याची वस्तू माझ्या हातनं नासली. त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळावं व्हय?"

मग तिनं तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. मेंढपाळांत एकमेकांची मेंढरं कळपात सांभाळायला ठेवायची रीत होती. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात मेलं, तर त्याचं कातडं काढून घ्यायचं आणि ज्याचं मेंढरू त्याच्या दारात स्वतः जायचं. लांडग्यानं नेलं असेल, आजारानं गेलं असेल, आपली चूक असेल. जे असेल ते कातड्यावर दिसतं. ते पुढ्यात ठेवायचं आणि बोलायचं. तो शिव्या देईल, पाणी देईल, त्याची मर्जी. एकदा कातडं खांद्यावर टाकून आजोबा पायी निघाले होते, आणि लहानगी मावशी हट्टानं त्यांच्यामागं. मेंढराच्या मालकानं आधी शिव्या दिल्या, मग ताकही दिलं.

"कातडं पुरून टाकलं की त्यो माणूस चोर," मावशी म्हणाली. "मेंढरू मेलं तरी चोर, नाय मेलं तरी चोर."

मी पत्रक घडी घालून ठेवलं. घासून काढलेला डाग म्हणजे पुरलेलं कातडं होतं. एवढं चोख मला कधी लिहिता आलं नसतं.

पण सांगणार कसं? तिला गेटाच्या आत कोण घेणार होतं?

ते काम टेबलानं केलं. पाहुणे येणार असल्याची बातमी आली. दर खेपेला त्यांना दारात ओवाळलं जायचं. रांगोळी, तबक, निरांजन. मालकाला ते हवंच असायचं. ओवाळायची ती मावशी. आता मावशी नाही, तर सुपरवायझर टेबलावर विचारायला आला, परवा कोण ओवाळणार?

हे सांगायला टेबलावरची एक जण त्या संध्याकाळी घरी आली होती. सांगता सांगता तिला हसू आवरेना.

"मी म्हणलं, माझी अडचण हाय. पाळी आलीय."

"मग?" मावशीनं विचारलं.

"मग तिला विचारलं. ती म्हणली, माझीबी. मग तिसरी. माझीबी. आन् मग म्हातारीला विचारलं."

म्हातारी म्हणजे टेबलावरची सगळ्यांत वयस्क बाई, नातवाचं लग्न ठरलेली.

"ती काय म्हणली?"

"तिनं मान खाली घातली आन् म्हणली, माझीबी अडचण हाय, भाऊ."

मावशी पदर तोंडाला लावून हसली. घरी बसल्यापासून पहिल्यांदाच. सुपरवायझरचे कान लाल झाले होते म्हणे. तो पुढं काही न बोलता निघून गेला. मी आजवर जेवढे संप पाहिलेत त्यांत एवढा स्वच्छ एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. "आक्का, तेवढं ओवाळून जा. पाच मिनिटांचं काम आहे."

"येते की," मावशी म्हणाली.

पाहुणे यायच्या सकाळी ती ठेवणीतली हिरवी साडी नेसली. मी स्कूटीवर तिला नेलं. गेटवरचा वॉचमन मला ओळखतो. माझी पत्रकं त्यानं कितीदा परत पाठवलीत.

"ताई, आज पत्रकं नको बरं का. पाहुणे हायेत."

"नाहीत आज."

"मग पिशवीत काय?"

मी उघडून दाखवली. आत मावशीचा जेवणाचा डबा होता. तो मलाही तेव्हाच दिसला. पाच मिनिटांच्या कामाला ती डबा घेऊन आली होती. वॉचमननं डब्याकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं आणि पिशवी गुमान तिच्या हातात दिली. मला मात्र आत सोडलं नाही. मी गेटाच्या गजांना धरून उभी राहिले. पायऱ्या हाकेच्या अंतरावर होत्या; सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

पाहुणे गाडीतून उतरले. सोबत पुण्याहून आणलेली दुभाषी मुलगी. पाहुण्यांना सवय होती. त्यांनी स्वतःच कपाळ पुढं केलं. मावशीनं कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या, ओवाळलं. मालक टाळ्या वाजवायच्या तयारीत.

आणि मावशी तबक हातात तसंच धरून म्हणाली, "दादा, असंच म्या तुमच्या काठीला लावलं होतं. वर लिंबू ठिवलं. ती नासली. मला सांगायचं होतं."

"आक्का, ते नंतर," मालक मध्ये आला. दुभाषीला म्हणाला, "काही नाही, रिवाजाचं बोलतायत."

 त्या मुलीला पगार कोण देत होतं ते मला माहीत नाही. पण तिनं मावशीकडं वळून विचारलं, "कुठली काठी, मावशी?" आणि उत्तर ऐकून सगळं जपानीत सांगितलं. लिंबासाठी तिनं हातानं गोल करून मध्ये चिरल्यासारखं दाखवलं.

पाहुणे गप्प झाले. मालकाला घाम फुटला. मग पाहुण्यांनी काठी मागवली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. खूर उजेडात फिरवला, अंगठा टेकवला. मग विचारलं, दुभाषीनं मराठीत आणलं ते असं: "डाग कुठं आहे?"

मालकानं सुपरवायझरकडं पाहिलं. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "मी घासला. साहेबांनी सांगितलं."

पाहुण्यांनी खूर पुन्हा उजेडात धरला. बोलले ते मालकाकडं बघून नाही, खुराकडं बघून. डाग राहिला असता तर काय झालं ते मला कळलं असतं, ते म्हणाले. डागाखाली माप शाबूत होतं. आता माप गेलं. घासल्यानंतर हिच्याशी ताडून जे पाठवलं असेल ते सगळं मला पुन्हा बघावं लागेल.

मग मावशीकडं वळले. नव्या वर्षाला आम्हीही आमच्या अवजारांपुढं तांदळाचा नैवेद्य ठेवतो, म्हणाले. पण लोखंडावर काही ठेवत नाही. आणि पेटी उघडायच्या आधी विचारायला हवं होतं.

"व्हय," मावशी म्हणाली. "इचारायला पायजे होतं."

ते हसले नाहीत. तीही हसली नाही. शिव्याही मिळाल्या आणि ताकही, असं मला गेटाबाहेर उभं राहून वाटलं. त्यांनी तिच्यापुढं मान वाकवली, तिनं तबकासकट तेवढीच वाकवली, आणि ते आत गेले.

मावशी पायरीवर बसून राहिली. डब्याची पिशवी मांडीवर. मी गजांतून हाक मारली, "चल मावशी, घरी जाऊ." तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

जेवणाची घंटा व्हायच्या आधी मालक एकटाच बाहेर आला. त्या वेळी माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती. त्याचा चेहरा बघून मी ती गिळली. तो मावशीच्या एक पायरी खाली उभा राहिला.

"ऑर्डर आहे अजून," तो म्हणाला. "नवा मास्टर पाठवतील. म्हणाले, पुढच्या वेळी आधी कळवा."

"बरं झालं."

"तुमच्याबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, माणसांचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी काय सांगणार." त्यानं कपाळ पुसलं. "आक्का, उद्यापासून या."

"उद्या कशाला?" मावशी उठली. "आज आर्दी पाळी हाय की अजून. डबा आणलाय मी."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतून बायांचं हसणं आलं, आणि म्हातारीचा आवाज सगळ्यांच्या वर: "आक्का, ये गं, माझी अडचण संपली."

मालकानं माफी मागितली नाही. अजूनही नाही. मावशीला त्याचं काही नाही. मला आहे, आणि राहील. नवा पाहुणा आता पेटीत आहे. पुढच्या खंडेनवमीला तिनं आधी विचारून घेतलं आणि पेटीच्या काचेला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं. ते तिथंच आहे. काच पुसताना सगळ्या तेवढी जागा सोडून पुसतात.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा कारखाना असेल, कुणाचं दुकान, कुणाचं ऑफिस, कुणाचं नुसतं घर. तुमच्याही दारातून एखादी बाई अशीच परत गेलेली असेल. गिऱ्हाईक काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील, वरचे काय म्हणतील, म्हणून. ज्यांच्या नावानं तुम्ही तिला घरी बसवलं, त्यांना तुम्ही एकदा तरी विचारलंत का? नसेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आज विचारा. आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या बाईची जागा रिकामी ठेवू नका. तिला आत्ता फोन करा, म्हणावं, डबा घेऊन या.